वास्को स्टेशनसमोरची आमची जुनी बिल्डिंग: दुरुस्ती, वाढीव मजला की पाडून नवीन?

स्टेशनसमोरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो पण आता खरंच सल्ला पाहिजे. वास्कोत स्टेशनाबाहेर पडलं की दोन मिनिटांवर आमची बिल्डिंग आहे, ७८ साली बांधलेली. खाली १४ दुकानं, पहिल्या मजल्यावर ऑफिसं, एक दवाखाना आणि एक ट्यूशन क्लास, त्याच्यावर दोन मजले घरं, एकूण १६ बिऱ्हाडं. मागे अंगणासारखी मोकळी जागा आहे तिथे पूर्वी विहीर होती, आता गाड्या लावतात.

गेल्या श्रावणात दामोदराच्या सप्ताहाच्या दुसऱ्या रात्री, म्हणजे रस्त्यावर फेरी (जत्रेचा बाजार) भरलेली आणि आमच्या जिन्याखाली पन्नास माणसं पावसाला आडोसा घेऊन उभी, त्यावेळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावरचा स्लॅबचा गिलावा खाली आला. पाटाएवढा तुकडा. देवाच्या कृपेने त्या वळणावर कोणी नव्हतं. सकाळी मी टॉर्च घेऊन बघितलं तर आतल्या सळ्या उघड्या पडलेल्या, नखाने खरवडलं तर कांद्यासारखे पापुद्रे निघत होते, आणि एक सळई तर मधे इतकी बारीक झालेली की पेन्सिल बरी.

तेव्हापासून चार मीटिंगा झाल्या आणि बिल्डिंगीत तीन तट पडलेत. काहींना फक्त दुरुस्ती हवी. काही म्हणतात वर एक मजला चढवू आणि मागच्या अंगणात वाढीव बांधकाम करू, ते विकून दुरुस्तीचा खर्च निघेल. आणि एक बिल्डर येऊन गेला तो म्हणतो सगळं पाडा, मी नवीन कॉम्प्लेक्स बांधून देतो, खाली मोठी दुकानं वर फ्लॅट, तुम्हाला एक पैसा घालायला नको. त्याचं रंगीत चित्र आता प्रत्येकाच्या मोबाईलात आहे, आणि दुकानं रिकामी कधी करता एवढाच प्रश्न तो फोन करून विचारतो. माझं मन अजून कुठेच बसत नाहीये. कोणी यातून गेलंय का?

फोंड्याचा_सिव्हिलवाला

भाऊ, तिन्ही तटांना सांगा की महिनाभर भांडण बंद ठेवा, कारण तुम्ही ज्याच्यावरून भांडताय त्याचं उत्तर स्लॅबच्या आत आहे आणि ते अजून कोणी काढलेलं नाही. आधी स्ट्रक्चरल ऑडिट करा, आणि नुसता फिरून फोटो काढणारा नको, टेस्ट करणारा माणूस आणा.

काय होतं ते सांगतो. काँक्रीट ताजं असताना आतली सळई गंजत नाही कारण सिमेंटमुळे भोवती अल्कली वातावरण असतं. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साईड आत शिरत जातो, अल्कली मरते आणि त्यात आपल्याकडे समुद्राचं मीठ. वास्कोत तर खाडी हाकेच्या अंतरावर. एकदा गंज सुरू झाला की गंजलेलं लोखंड मूळच्या दोन ते सहा पट जागा मागतं आणि आतूनच काँक्रीट फोडतं. तुमचा पाटाएवढा तुकडा पावसाने पडला नाही, गंजाने ढकलला. म्हणून त्याच्यावर नुसता गिलावा थापला तर दोन पावसाळ्यांत परत तेच.

टेस्ट म्हणजे रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक (काँक्रीट किती मजबूत ते कळतं), हाफ सेल (सळई गंजतेय का ते कळतं), आणि कॉलममधून कोअर काढून प्रयोगशाळेत दाबून बघणं. सगळ्यात सोपी आणि डोळ्यांना दिसणारी म्हणजे फिनॉल्फथॅलिनची, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते पाणी शिंपडायचं, जिथे गुलाबी होईल तिथे अजून जीव आहे, जिथे रंगच येत नाही तिथे कार्बन पोचला. ही टेस्ट सगळ्या सभासदांसमोर करा. मी एका सोसायटीत केली तेव्हा सळईच्याही आत दोन बोटं रंग आला नाही, आणि सहा महिने वाद घालणारी माणसं पाच मिनिटांत गप्प झाली.

आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, किनाऱ्याच्या हवेत कमीत कमी एम ३० काँक्रीट (आकडा मोठा तितकं मजबूत) आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगितलंय. ७८ सालच्या बिल्डिंगीत हाताने कालवलेलं एम १५ आणि कुठे कुठे जेमतेम २० मिलिमीटर कव्हर मिळेल असं धरून चला. त्यावर मजला चढवायचा विचार पायाचे खड्डे खणून बघितल्याशिवाय कृपा करून करू नका. गच्चीवर पाण्याच्या टाक्या किती आहेत? दहा हजार लिटर म्हणजे दहा टन, तेही आहेच.

मुरगावची_सून

मी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या बिल्डिंगीत राहते, अशीच खाली दुकानं वर आम्ही. इंजिनिअर काकांचं पटलं पण रोज राहणाऱ्या बाईच्या नजरेनं दोन गोष्टी सांगते, कारण मीटिंगला सगळे पुरुष जातात आणि चर्चा एफएआर (प्लॉटवर किती बांधता येतं) आणि रेटची होते.

आमच्याकडे रिनोव्हेशन झालं ते बाहेरून इतकं सुंदर की लोक फोटो काढतात. काच लावली, रंग लावला, दुकानांचे बोर्ड एकसारखे केले. पण जिना एकच राहिला. हॉटेलवाल्याचे सिलिंडर जिन्याखाली, क्लासची साठ मुलं त्याच जिन्याने, माझी सासू हातात काठी घेऊन त्याच जिन्याने. रात्री दुकानदार ग्रिल लावून कुलूप घालतो ते आमच्याच वाटेवर. एकदा मध्यरात्री सासऱ्यांना छातीत दुखायला लागलं तर कुलपाची चावी शोधण्यात दहा मिनिटं गेली, ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. ते वाचले म्हणून आज लिहू शकते.

तेव्हा काहीही करा, पाडा नाहीतर दुरुस्त करा, घरांचा जिना वेगळा आणि दुकानांचा वेगळा, ही पहिली अट घाला. आणि ट्यूशनवाल्या मुलांना विसरू नका.

फोंड्याचा_सिव्हिलवाला

ताई तुम्ही सांगितलंत ते मी आधीच लिहायला पाहिजे होतं. मिश्र वापराच्या बिल्डिंगीत खालची आग वरच्या घरांच्या जिन्यात शिरू नये हा मूळ नियमच आहे. आणि बिल्डिंग १५ मीटर झाली की नॅशनल बिल्डिंग कोडच्या हिशोबाने ती हायराइज, मग अग्निशमनाच्या अटी एकदम वाढतात. वाढीव मजल्याचा हिशोब करताना हा खर्च कोणी धरत नाही.

गाळा_नंबर_९

मी दुकानदार आहे, वास्कोतच, पोसरो, म्हणजे किराणा दुकान आहे आमचा. धागा काढणाऱ्या भावाला मी ओळखत नाही पण त्याच्या खालच्या १४ जणांना मी ओळखतो असं म्हणायला हरकत नाही कारण आम्ही सगळे एकाच नावेत. माझ्या बाबांनी मीटरगेजची गाडी असताना दुकान मांडलं, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेजचं काम चाललं तेव्हा गाड्या बंद, दुकानात चिटपाखरू नाही, ते दिवस काढले. मग ९८ साली कोकण रेल्वे मडगावावरून धावायला लागली आणि लांबची गिऱ्हाईकं तिकडे वळली. २०२३ मध्ये मोपाचा नवीन विमानतळ सुरू झाला तेव्हा परत धाकधूक. तरी आम्ही टिकलो कारण सकाळची कुळेची गाडी, नोकरदार, बंदरावरचे कामगार आणि मासे घेऊन येणाऱ्या बाया. माझी निम्मी विक्री सकाळी सात ते साडेनऊ होते. शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक सुटे मागणारा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, मग पाववाला पोदेर, मग गाडी आली की एकदम वीस माणसं.

आता बिल्डर म्हणतो तीन वर्षं रिकामं करा, भाडं देतो. भाडं घेऊन मी काय करू? तीन वर्षांत ती वीस माणसं दुसरीकडे सामान घ्यायला शिकतात, ती परत येत नाहीत. घरवाल्याला घर परत मिळालं की तो होता तिथे आला, दुकानदाराला गाळा परत मिळाला तरी धंदा मिळत नाही. आणि नवीन प्लॅनमध्ये दुकानं आतल्या बाजूला, एस्कलेटरने वर जायचं. डोक्यावर टोपली घेऊन गाडी पकडणारी बाई एस्कलेटरने वर येऊन चहापत्ती घेणार आहे का?

माझं म्हणणं एवढंच, आम्हाला रस्त्याला तोंड करून, त्याच रस्त्यावर, तात्पुरती का होईना जागा आधी द्या. मग आम्हीच पहिला हातोडा मारायला येतो.

कायद्याचा_कागद

मी वकिली करतो, दक्षिण गोव्यात. बिल्डिंगीचं मीठ इंजिनिअरांनी सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

पहिलं म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते बघा. सिटी सर्व्हेचा फॉर्म डी (मालकाचं नाव दाखवणारा उतारा) काढा, चलता नंबर (प्लॉटचा नंबर) आणि पी. टी. शीट (सर्व्हेचा नकाशा) नंबर जुन्या विक्रीखताशी जुळतो का बघा. आपल्याकडे ७०-८० च्या काळातल्या कितीतरी बिल्डिंगीत फ्लॅट विकले गेले, मेंटेनन्स सोसायटी झाली, पण जमीन मूळ मालकाच्याच नावावर राहिली. तो वारला असेल तर मुलं, मुली, सुना, जावई सगळे आले. आपल्याकडे लग्नाचा कॉमन प्रॉपर्टीचा कायदा आहे, नवऱ्याच्या नावावरची स्थावर मालमत्ता असली तरी विकायला बायकोची सही लागते आणि उलटही. परदेशात असलेल्या एका सुनेची सही नाही म्हणून दोन वर्षं अडलेलं काम मी हाताळलंय. वारसांचं काही निघालं नसेल तर २०१२ च्या कायद्याखाली इन्व्हेंटरी (वारस आणि मालमत्तेची कोर्टातून वाटणी) करावी लागेल, तेही आत्ताच विचारून घ्या.

दुसरं, खालच्या १४ गाळ्यांत मालक किती आणि भाडेकरू किती? १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचा जुना भाडेकरू असेल तर त्याला तोंडी आश्वासनावर बाहेर काढता येत नाही आणि काढू पण नये. त्याच्याशी लेखी, रजिस्टर केलेला करार करा, किती चौरस मीटर, कुठल्या तोंडाचा गाळा, कुठल्या मजल्यावर, भाडं किती, सगळं नकाशा जोडून.

तिसरं, बिल्डर नवीन फ्लॅट बाजारात विकणार असेल आणि प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर किंवा युनिट आठाच्या वर असतील तर २०१६ च्या रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी लागते. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. तुमच्या करारात जुन्या रहिवाशांनाही हेच संरक्षण शब्दाशब्दाने लिहून घ्या, गृहीत धरू नका.

मुंबईहून_चिखलीला

आमच्या मुंबईच्या सोसायटीत ५१ टक्क्यांच्या संमतीवर रिडेव्हलपमेंट झालं, अडून बसलेल्यांचं काही चाललं नाही. इथे का नाही तसं करत?

कायद्याचा_कागद

कारण ते महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या ७९अ खाली काढलेले २०१९ चे निर्देश आहेत. गोव्याचा सहकारी संस्था कायदा २००१ चा आणि वेगळा आहे. इथे बिल्डरने ५१ टक्के म्हटलं तर त्याला कलम विचारा. आणि कायदा बाजूला ठेवून सांगतो, ४९ टक्के माणसांना रडवून उभी केलेली बिल्डिंग राहायला चांगली लागत नाही.

रुळाकाठचा

मी रेल्वेत ३४ वर्षं नोकरी केली, आता निवृत्त, राहायला मंगोर हिलला. दोन तीन गोष्टी राहून गेल्यात.

स्टेशनच्या इतक्या जवळ आहात तर रेल्वेच्या हद्दीपासून तुमचा प्लॉट किती मीटरवर आहे ते मोजून घ्या. ३० मीटरच्या आत काही बांधायचं असेल तर रेल्वेचं ना-हरकत लागतं, आपल्याकडे दक्षिण पश्चिम रेल्वेचा हुबळी डिव्हिजन. मागच्या अंगणात वाढीव बांधकाम म्हणताय, ते अंगण रुळांकडे असलं तर नेमकं तेच अडकेल. दुसरं म्हणजे दाबोळी विमानतळ हा नौदलाचा तळ आहे, उंचीसाठी त्यांची परवानगी लागते, बिल्डरने चित्रात सात मजले काढले म्हणून सात मजले होत नाहीत. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात येता का तेही बघा, सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीच्या बांधकामाचे निर्बंध, लागला तर कोस्टल झोन ऑथॉरिटीकडे जावं लागेल. मग मुरगाव पीडीए (नियोजन आणि विकास प्राधिकरण) आणि पालिका आहेच. हे सगळे अर्ज एकापाठोपाठ नको, सोबत चालू करा.

पण मला खरं बोलायचंय ते माणसांबद्दल. मी प्लॅटफॉर्मवर उभं राहून वर्षानुवर्षं ती गर्दी बघितलीय. गाडी लागली की लोक सरळ रेषेत चालत नाहीत, सावलीच्या आणि कोरड्या जमिनीच्या दिशेने चालतात. जूनमध्ये वास्कोचा पाऊस कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे, गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तुमच्या बिल्डिंगीला पुढे पडवीसारखा व्हरांडा आहे ना, खांबांचा, दुकानांपुढे? तो व्हरांडा स्टेशनचाच भाग आहे असं समजा. लोक तिथे छत्री झटकतात, बॅग खाली ठेवतात, फोन लावतात, पायलटला हाक मारतात. नवीन प्लॅनमध्ये तो गिळून तिथे काचेचं शोरूम केलं तर शोरूमला गिऱ्हाईक मिळणार नाही आणि गर्दी रस्त्यावर येईल. व्हरांडा ठेवा, जमलं तर दोन मीटर रुंद करा, आणि पायलटांना उभं राहायला कोपरा, एक स्वच्छ मुतारी आणि बसायला दगडी बाक द्या. नवीन बांधकामात ही जागा फुकट गेली असं वाटेल पण खालचे १४ गाळे त्याच जागेवर जगतात.

गाळा_नंबर_९

काका, डोळ्यात पाणी आणलंत. बाबा हेच म्हणायचे, व्हरांड्यात उभ्या माणसाला कधी हटकायचं नाही, तो पाऊस थांबेपर्यंत काहीतरी घेतोच.

म्हापशेकार

माझा अनुभव लिहितो, गाव आणि कंत्राटदार दोन्ही सांगत नाही. आमची जुनी बिल्डिंग, अशीच खाली दुकानं. आम्ही पाडलं नाही, मागे वाढीव ब्लॉक बांधला, तीन मजली. पैसे वाचवायला नवीन ब्लॉकची एक बाजू जुन्या भिंतीलाच टेकवली, जुन्या कॉलमला ड्रिल करून सळ्या घातल्या आणि बीम जोडले. पहिल्या पावसाळ्यात काही नाही. दुसऱ्यात सांध्याला केसासारखी भेग. तिसऱ्यात त्या भेगेत माझी करंगळी जायला लागली आणि खालच्या कपड्याच्या दुकानात पाणी, त्याचा चतुर्थीचा सगळा माल भिजला. माणूस माझ्यासमोर ओला कापडाचा ताका हातात घेऊन उभा होता, बोलत काही नव्हता. त्या दिवसापासून जिथे कुठे वाढीव बांधकामाचा विषय निघतो तिथे मी जाऊन हे सांगतो.

कारण नंतर कळलं. जुनी बिल्डिंग चाळीस वर्षांत बसायची तेवढी बसलेली, नवीन ब्लॉक नव्या पायावर आता बसत होता, दोघांना एकत्र बांधल्यावर काहीतरी तुटणारच.

फोंड्याचा_सिव्हिलवाला

अगदी बरोबर. नवीन भाग स्वतःच्या पायावर, स्वतःच्या कॉलमवर, मधे सांध्याची फट ठेवून आणि ती फट वरून नीट झाकून. भूकंपाच्या नियमांसाठीपण तेच, दोन बिल्डिंगी हलताना एकमेकींवर आपटू नयेत. तुमच्याकडे तर अंगणात जुनी विहीर होती म्हणालात, ती कशाने बुजवली कोणाला आठवतंय का? कचरा आणि दगडमाती टाकून बुजवली असेल तर तिच्यावर पाया येऊ देऊ नका, माती परीक्षण करा.

आणि घाईबद्दल एक. ४ जानेवारी २०१४ ला काणकोणात चावडीवर बांधकाम चालू असलेली बिल्डिंग कोसळली, ३१ माणसं गेली, बहुतेक बाहेरून पोटासाठी आलेले कामगार. त्या बातमीनंतर मी कुठल्याही साईटवर प्रॉप (तात्पुरते टेकू) काढायच्या आधी स्वतः जाऊन उभा राहतो. तुम्ही दुरुस्ती करताना खाली दुकानं आणि वर घरं चालू ठेवणार असाल तर प्रत्येक कॉलमचं जॅकेटिंग (भोवती नवीन सळ्या आणि काँक्रीट) करताना वरचा भार कशावर पेलला जातो याचा लेखी नकाशा इंजिनिअरकडून घ्या. ऑक्टोबरात सुरू करा, गोव्यात मॉन्सून साधारण ७ जूनला पोचतो, त्याच्या आधी निदान गच्ची आणि बाहेरची बाजू संपली पाहिजे.

मुरगावची_सून

आणि काम सप्ताहात बंद ठेवा. चोवीस तास भजन चालू असताना वर ब्रेकर चालला तर बिल्डिंगीतलेच लोक तुम्हाला माफ करणार नाहीत.

स्टेशनसमोरचा

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं, काल रात्री आईला मोठ्याने वाचून दाखवलं. उशीर झाला उत्तर द्यायला कारण मधे बरंच घडलं.

फॉर्म डी काढला. जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर आहे, ते वारले, चार वारस, एक लिस्बनला. म्हणजे बिल्डरचं रंगीत चित्र तूर्त बाजूलाच. मालक किती आणि भाडेकरू किती तेही मोजलं, १४ पैकी ५ मालकीचे गाळे, ९ भाड्याचे, त्यातले ६ साठच्या पुढचे लोक. त्यांच्याकडे मी स्वतः एकेकाकडे जाऊन बसलो. प्रत्येकाने चहा दिला आणि प्रत्येकाने तेच विचारलं जे गाळा नंबर ९ ने लिहिलंय, आम्हाला कुठे ठेवणार?

तर आम्ही असं ठरवलंय. पाडायचा विषय वारसांचं होईपर्यंत बंद. ऑडिट लगेच, त्यासाठी प्रत्येक गाळ्याने आणि प्रत्येक बिऱ्हाडाने सारखीच वर्गणी, आणि फिनॉल्फथॅलिनची टेस्ट सगळ्यांसमोर. रिपोर्टात दुरुस्ती शक्य आहे असं आलं तर ऑक्टोबरापासून तीन टप्प्यांत, एका वेळी पाचाहून जास्त दुकानं बंद नाहीत, आणि त्या पाचांना मागच्या अंगणात पत्र्याचे गाळे न देता व्हरांड्याच्या टोकाला रस्त्याच्या बाजूने तात्पुरते गाळे. पालिकेकडे तसा अर्ज घालतोय. वाढीव मजल्याचं नाव पायाचे खड्डे बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. घरांसाठी वेगळा जिना मागच्या बाजूने, त्याचा पाया स्वतंत्र. आणि व्हरांडा हलणार नाही, हे मिनिट्समध्ये लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या, बायकांच्या पण.

विहिरीचं विचारलं होतंत. आईला आठवतंय, ८५ च्या सुमारास बुजवली, आधी आतले चिरे काढून विकले आणि मग बाजारातला कचरा आणि माती टाकली. म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच.

फोंड्याचा_सिव्हिलवाला

आईंना विचारा विहीर नेमकी कुठे होती आणि अंगणात चुन्याने गोल काढून ठेवा. मी रविवारी वास्कोला येतोय भावाकडे, फी नको, साडेनऊला जिन्याच्या वळणावर भेटू. एक हातोडा आणि टॉर्च आणा, बाकी माझ्याकडे आहे.

गाळा_नंबर_९

मी पण येतो. दुकान साडेनऊनंतर मुलगा सांभाळेल.

स्टेशनसमोरचा

देव बरे करूं. गोल आत्ताच काढला, आईने खुर्ची टाकून बसून दाखवलं. आपण मोकळी समजत होतो त्या जागेच्या बरोबर मधोमध येतेय विहीर.